ॲपवर वारा ताशी १२ किमी, पण लँडिंगला रिमोटचं विमान हेलकावून राहिलं, हवा नक्की पाहायची कशी?

मानेवाडा_फोमी
नमस्कार मंडळी. नागपूरचाच आहे. १.२ मीटर पंखांचा फोम ट्रेनर आहे, म्हणजे शिकायचं फोमचं रिमोट विमान, चार चॅनेल (थ्रॉटल, एलेव्हेटर, रडर, एलेरॉन), बॅटरीसकट ७०० ग्रॅमच्या आसपास. उमरेड रोडला बरंच बाहेर ओळखीच्यांचं शेत आहे, हरभरा निघाल्यापासून रिकामंच पडलंय तर सध्या तिथंच उडवून राहिलो. पट्टी पूर्व-पश्चिम, पश्चिमेच्या धुऱ्यावर सागाची रांग आहे, बाकी तिन्हीकडून मोकळं.
अडचण अशी की घरून निघताना ॲप पाहतो, १०-१२ किमी लिहिलेलं असतं, वर गेल्यावर विमान थोडं डुलतं पण नीट चालतं, आणि लँडिंगला खाली आणलं की शेवटच्या टप्प्यात एकदम एक पंख पडतो नाहीतर विमान धपकन खाली बसतं. पहाटे सहा-साडेसहाला असं काही होत नाही, नऊ वाजले की सुरू. कोणी म्हणतं १५ च्या वर वारा असला की रेडिओ (रिमोट) ऑनच करू नको, कोणी म्हणतं २५ मध्येही चालते. मग धरायचा तरी कोणता आकडा? आणि तो हातात धरून वारा मोजायचा छोटा अ‍ॅनिमोमीटर मिळतो तो घ्यावा का?

बाल्सावाला_काका
भाऊ, सागाची रांग वाचली आणि तिथंच थांबलो. वारा किती आहे हे नंतर पाहू, आधी तो कुठून आणि कशावरून येऊन राहिला ते पाहा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसाची हवा बहुतेक वेळा पश्चिम-वायव्येकडून असते. म्हणजे तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून, वाऱ्यावर उतरता, ते बरोबरच आहे, पण त्यामुळे विमान अगदी हळू झालेलं असताना नेमकं सागाच्या मागच्या हवेत शिरतं. झाडांवरून आलेला वारा पलीकडे गेल्यावर लगेच सरळ होत नाही, गरगरतो, कुठे खाली दाबतो, जमिनीजवळ तर कधी उलट्या दिशेनेही वाहतो, आणि हा सगळा गोंधळ झाडाच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत जाणवतो. साग आठ मीटरचा धरला तरी ८० ते १२० मीटर झाले. तुमची अख्खी पट्टी त्यातच येत असेल. पहाटे वाराच नसतो म्हणून हे कळत नाही.

दुसरं, जमिनीलगत वारा नेहमीच कमी असतो, ढेकळं, गवत, कुंपण सगळं त्याला अडवतं. हिशेब करून पाहा. तुमच्या वजनाचं आणि मापाचं विमान साधारण २५ किमीच्या आसपास स्टॉल होईल, म्हणजे त्याखाली पंख विमानाला उचलून धरत नाही. समजा तुम्ही ३२ ने अप्रोच (उतरतानाचा शेवटचा टप्पा) करून राहिले आणि समोरून वारा १५ चा आहे. जमिनीवरून पाहताना विमान १७ ने येताना दिसतं, मस्त हळू, आरामात. आता ते खाली आलं, सागाच्या आडोशात समोरचा वारा १५ चा एकदम ५ झाला. विमानाला जडत्व आहे, त्या क्षणी ते जमिनीच्या हिशेबाने १७ नेच चाललंय, म्हणजे पंखावरची हवा उरली २२. स्टॉलच्या खाली. पंख पडला. यात तुमचे हात वाईट नाहीत, स्पीडला मार्जिनच नव्हतं.

म्हणून मी एका आकड्यावर जात नाही, दोन पाहतो, वारा पडतो तेव्हा किती आणि झोत येतो तेव्हा किती. या दोघांतला फरक तुमच्या अप्रोच स्पीड आणि स्टॉल स्पीडमधल्या फरकापेक्षा कमी पाहिजे. ३५ ने अप्रोच केला तर तुमच्याकडे १० चं मार्जिन आहे. सलग २० चा वारा असेल, झोत २३ चा, तर फोमीसुद्धा, म्हणजे फोमचं विमान, नीट उतरते. पण सरासरी १२ आणि खेळ ३ ते २० चा, तर मी गाडीतून विमान काढणारच नाही. १५ वाला आणि २५ वाला दोघंही खरंच सांगून राहिले, फक्त त्यांचे दिवस वेगळे होते.

ॲपमधल्या १२ चं म्हणाल तर तो मॉडेलचा अंदाज असतो, जमिनीपासून १० मीटर उंचीचा, आणि त्याची एक चौकट कित्येक किलोमीटरची असते, तिला तुमचा साग माहीतच नाही. वाऱ्याच्या आकड्याखाली गस्टचा (झोताचा) वेगळा आकडा असतो तो पाहत जा. सोनेगावच्या विमानतळाचा मेटार (तिथली हवेची नोंद) पण पाहा, तो प्रत्यक्ष मोजलेला असतो. ३०० डिग्री ८ नॉट असं आलं तर पश्चिम-वायव्येकडून साधारण १५ किमी. दिशा ही वारा येतो तिकडची असते, जातो तिकडची नाही, नवीन पोट्टे इथं हमखास गोंधळतात. आणि मेटारमध्ये गस्ट लिहिला नाही म्हणजे झोत नाहीत असं समजू नका, सरासरीपेक्षा १० नॉट किंवा जास्त वर गेला तरच तो लिहितात. १० नॉट म्हणजे साडेअठरा किमी. मोठ्या विमानाला त्याच्या खालचं काही जाणवत नसेल, ७०० ग्रॅमच्या फोमचा त्यातच जीव जातो.

अ‍ॅनिमोमीटर घ्या, चांगली वस्तू आहे, पण हात वर करून एकदा आकडा पाहिला आणि खिशात टाकला असं नको. वाऱ्याकडे तोंड करून पाच मिनिटं उभं राहायचं, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त किती आलं ते पाहायचं. डोक्याच्या उंचीवर जे येतं त्यापेक्षा वर ३०-४० मीटरवर वारा जास्तच असणार हे धरून चला.

सद्दी_चक्री
काका सविस्तर बोललेच आहेत, माझा एक देशी उपाय. मी मूळचा पतंगवाला, नागपूरच्या महाल भागातला. मैदानावर गेलो की आधी एक छोटा पतंग वर सोडतो, साध्या सद्दीवर (सुती दोऱ्यावर), मांजा अजिबात नाही. दोर बोटावर घेतला की वरची हवा हातात येते राजा. ताण एकसारखा असेल तर हवा सलग आहे, ताण सुटून सुटून येत असेल, पतंग मधेच गिरकी घेत असेल तर वर तुकडे आहेत. ढील देत देत वर न्यायचा, कोणत्या उंचीवर ताण एकदम वाढतो ते लक्षात ठेवायचं, विमान त्याच उंचीवर जाऊन डुलतं, पाहून घ्या तुम्ही. मग पतंग पूर्ण उतरवून, दोर चक्रीवर गुंडाळून बाजूला ठेवला की मगच बॅटरी लावायची, प्रॉपमध्ये (पंख्यात) दोर गेला तर मोटर जाते.
आणि संक्रांतीच्या आठवड्यात शहराच्या जवळपास विमान काढूच नका. बंदी असूनही नायलॉन मांजा कुठून तरी येतोच, फोमचा पंख कापला जातो, आणि विमान कोणाच्या अंगावर पडलं तर काय करणार.

मानेवाडा_फोमी
काका, हिशेब वाचून डोक्यात लख्ख झालं. म्हणजे जमिनीवरून हळू दिसतंय म्हणून मी थ्रॉटल (मोटरची पॉवर) अजून कमी करत होतो का काय, तसंच झालं असणार. पतंगाचं पण भारी आहे. एक विचारू का, यंत्र नसेल, पतंग नसेल, तर नुसतं पाहून कसं ओळखायचं? आणि नऊ वाजताच काऊन बिघडतं?

घारीमागे
नऊचं मी सांगतो, मी ग्लायडर उडवतो तर माझा सगळा धंदाच त्यावर आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा पण थंड आणि जड होऊन खाली बसून राहते, वरच्या वाऱ्याशी तिचा संबंध तुटतो. म्हणून पहाटे धूर सरळ वर जाऊन एका पातळीवर आडवा पसरतो, बाहेर गावाकडं चुली पेटलेल्या असल्या तर लगेच दिसतं. ऊन चढलं, नांगरलेली काळी जमीन तापली की थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर जाणारे लोट, सुटायला लागतात, खालची हवा वर जाते, तिच्या जागी वरची वेगवान हवा खाली येते. तेच तुमचे झोत. आपल्या उन्हाळ्यात हे फार जोरात चालतं, दुपारी वावटळ उभी राहते ती म्हणजे थर्मलचं डोळ्यांना दिसणारं पायच आहे, ती दिसली की विमान तिच्यापासून लांब ठेवा, आत गेलं तर हातात काही राहत नाही. संध्याकाळी सूर्य मावळायच्या तासभर आधीपासून सगळं पुन्हा शांत होत येतं, नवीन माणसाला ती वेळ सगळ्यात चांगली.

नुसतं पाहायचं तर घारी पाहा. पंख न हलवता गोल फिरत वर जाऊन राहिल्या तर तिथं थर्मल आहे, आणि त्याच्या आजूबाजूला खाली जाणारी हवा पण आहे. मैदानावर अजून एक खूण, वारा एकदम पडला, मिनिटभर काहीच नाही, मग दुसऱ्याच दिशेने यायला लागला, तर जवळून थर्मल सुटला समजा, खालची हवा चोहीकडून त्याच्याकडे ओढली जाते. अशा वेळी लँडिंग सुरू करू नका, एक चक्कर जास्त मारा, मूळ दिशा परत आली की उतरवा. त्यासाठी बॅटरी शिल्लक पाहिजे, तर वाऱ्याच्या दिवशी टायमर दोन मिनिटं आधीचा लावत जा.

झाडांवरून ओळखता येतं पण झाड निवडून पाहा. पिंपळ फसवतो, त्याच्या पानाचा देठ लांब आणि पातळ, जराशा हवेतही सळसळ सुरू, तुम्हाला वाटणार वारा खूप आहे. कडुनिंब बरा. नुसती पानं हलतात तोवर १० च्या आत, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलून राहिल्या तर १२ ते १९, छोट्या फांद्या हलल्या, धूळ आणि कागद उडायला लागले तर २० च्या वर, आणि लहान झाडं अख्खी डोलायला लागली तर ३० च्या घरात, तेव्हा फोमी डिकीतच बरी. दिशेसाठी एक सोपं, डोळे मिटून मान हळूहळू फिरवा, दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला की नाक वाऱ्याकडे आहे. आणि चार मीटरचा बांबू रोवून त्याला हलकी रिबीन बांधा, झाडांच्या आडोशापासून दूर, तुम्ही जिथं उभे राहता तिथून विमानाकडे पाहताना नजरेत राहील अशी.

कळमेश्वर_विंग
सगळ्यांचं बरोबर पण थ्रॉटलचा मुद्दा मला अजून ठासून सांगायचाय, कारण आमच्याकडे मैदानावर विमानं मोडतात ती बहुतेक यातच. डाउनविंड लेगला, म्हणजे वारा पाठीमागून असतानाच्या टप्प्यात, विमान जमिनीच्या हिशेबाने ३२ अधिक १५, म्हणजे ४७ ने पळताना दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं फार जोरात चाललंय, तो थ्रॉटल कापतो, एलेव्हेटर ओढून नाक वर करतो, आणि वळणावर विमान स्टॉल. वाऱ्याने नाही पाडलं त्याला, नजरेने पाडलं. वाऱ्याच्या दिवशी थ्रॉटल स्टिक कुठं आहे ते पाहून उडवा, जमिनीवरचा वेग पाहून नाही. डोक्यावर भरपूर उंची असताना समोर वारा घेऊन थ्रॉटल हळूहळू कमी करा, कुठं नाक पडतं ते पाहा, ती स्टिकची जागा लक्षात ठेवा, अप्रोचला तिच्या बरंच वर राहायचं. मोटर बंद करून तरंगत आणायची सवय या वाऱ्यात सोडा, चाकं टेकेपर्यंत थोडी पॉवर असू द्या.

आणि विमान नेहमी स्वतःच्या वाऱ्याकडच्या बाजूला ठेवायचं. वारा जिकडे जातो तिकडे विमान लांब गेलं की परत येताना ४० च्या वेगातले २० समोरच्या वाऱ्यातच जातात, बॅटरी संपते आणि विमान तूर नाहीतर कपाशीत. उमरेड रोडला किती बाहेर आहात ते पण एकदा सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर तपासा, विमानतळाच्या हद्दीपासून ५ किमीपर्यंत रेड झोन, ८ पर्यंत यलो, तिथं परवानगी लागते, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंतच ग्रीन आणि त्याच्या पुढे ४०० फूट. वाऱ्याने वाहून विमान तुम्हाला नको तिथं जाऊ शकतं, म्हणून आधी पाहून ठेवलेलं बरं.

बाल्सावाला_काका
कळमेश्वरवाल्यांचं शंभर टक्के. मे महिन्याचं एक राहिलं, लिहून ठेवतो. दुपारनंतर पश्चिमेला किंवा दक्षिणेला काळं आभाळ चढून राहिलं, ऊन तसंच आहे, वारा एकदम पडलाय, आणि मग अंगाला गार झुळूक लागली, मातीचा वास आला, तर त्याच क्षणी उतरवायला घ्या. त्या ढगातून खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरत येते, पाऊस किलोमीटर दोन किलोमीटर लांब असतानाच ती पोचते, आणि दोन-तीन मिनिटांत १० चे ५० होतात, दिशा पण उलटते. गार झुळकीनंतर "एक शेवटचा राउंड" कोणी मारू नये. शेतातल्या माणसांना हे आपल्याआधी कळतं, ते वाळवण उचलायला लागले की तुम्ही विमान उचला.

मानेवाडा_फोमी
सगळ्यांचे मनापासून आभार, लिहून घेतलं. उमरेड रोडची जागा १२ किमीच्या बाहेर आहे, नकाशा पाहिला आत्ताच. एक शेवटचं, साग तर हलणार नाही, शेतही तेवढंच. पट्टी उत्तर-दक्षिण केली तर आडोसा सुटतो, पण मग पश्चिमेचा वारा पूर्ण बाजूने येईल. ते चालेल का तिरपी घेऊ?

बाल्सावाला_काका
तिरपी घ्या. पूर्वेच्या धुऱ्याला लागून, आग्नेयेकडून वायव्येकडे. सागापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, उतरायची जागा रांगेपासून किमान शंभर मीटर पाहिजे. वारा पश्चिमेचा असेल तर तो तुमच्या डाव्या बाजूने ४५ डिग्रीने येईल, म्हणजे १५ पैकी साधारण १० समोरून आणि १० बाजूने, चार चॅनेलच्या विमानाला एवढं जमतं. अप्रोचला नाक थोडं डावीकडे, वाऱ्याकडे ठेवून या, विमान तिरकं दिसेल पण चालेल पट्टीवरूनच. टेकायच्या जरा आधी उजवा रडर (शेपटीची उभी हलती फळी) देऊन नाक सरळ करा आणि त्याच वेळी हलकासा डावा एलेरॉन (पंखाची हलती पट्टी), नाहीतर वारा डाव्या पंखाखाली शिरतो. तुमच्या ट्रेनरला पंखांचा डायहेड्रल, म्हणजे टोकाकडे वर चढलेला कोन, जास्त असेल तर रडर दिला की तो त्याच बाजूला लोळतो, म्हणून एलेरॉन विसरू नका. पहिल्यांदा हे सगळं सकाळी आठच्या सुमारास करा, थोडी हवा चालू झालेली असते पण थर्मल अजून जोरात नसतात.