नागपूरकरांना तर्री कळते, चित्र नाही?

संत्रागल्ली
एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी ग्रुपवर टाकलंय : "वर्षभरात आमच्या गॅलरीत नऊ प्रदर्शनं झाली. उद्घाटनाचा दिवस सोडला तर अभिप्रायाच्या वहीचं पानही भरत नाही. नागपूरकरांना तर्री-पोहे कळतात, चित्र नाही." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

सर, मी तुमच्या गॅलरीत तीनदा आलोय. पहिल्यांदा दाराला कुलूप. वेळ अकरा ते पाच, रविवारी बंद. नोकरीवाल्यानं यायचं कधी? दुसऱ्यांदा मे महिना, पारा ४५ च्या घरात आणि कूलर कोरडा. तिसऱ्यांदा फाटकावर वॉचमन म्हणे, "कोणाकडे जायचं?" चित्रं पाहायची म्हटल्यावर मी पेपर फोडायला आल्यासारखा त्यानं मला खालून वर न्याहाळला. आत फ्रेमच्या काचेवर ट्यूबलाइट चमकत होती. तलावाच्या चित्रात तलाव कमी, माझंच तोंड जास्त.

रंगपेटी
ती पोस्ट माझीच. कूलरला पैसे कोण देतं? फ्रेमा मी स्वतःच्या स्कूटरवर आणल्यात, दोन-दोन, मांडीवर धरायला विद्यार्थी बसवून. आणि चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली याच शहरात जन्मले, हे किती जणांना ठाऊक आहे? न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं २०१४ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं. चित्रकार रझा १९३९ ते ४३ इथल्याच कलाशाळेत शिकले. आपल्याला त्याचं काय!

धरमपेठी
आले गायतोंडे! जन्मले इथं, शिकले मुंबईत, राहिले दिल्लीत. रझा तर पुढे पॅरिसला गेले. यात नागपूरच्या प्रेक्षकाचा गुन्हा कोणता?

चितारओळवाला
मी मूर्तीवाला म्हणतो, नागपूरकर पाहत नाही हे सांगितलं कोणी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, महाल भागात या ना जी. पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा, १८८५ पासून निघून राहिली. बडगे, म्हणजे टर उडवाले केलेले पुतळे, पाहाले पाय ठेवाले जागा नसते. कोणाची टर उडवली ते लहान पोट्टंही सांगते, बाजूले माहितीचा कागद लावा लागत नाही.

रंगपेटी
गर्दी जमली की कला होत नाही. गर्दी सेललाही जमते. संध्याकाळी जाळून टाकायची वस्तू ती, आणि गणपती तर साच्यातून निघतात.

चितारओळवाला
साचा? तुमच्या कॉलेजात मोल्ड-कास्टिंग शिकवत नाही का? माझ्या आज्यानं आयुष्यभर माती कालवली. डोळे आखाले बसला की घरात कोणी बोलत नसे. आन् जाळतो म्हणता, तर तुमच्या स्टोअरात पडलेल्या चित्रांले वाळवी खाते, ते बरं?

फुटाळाप्रेमी
मूर्तींचं निघालंच आहे तर पीओपीवर बोला. विसर्जनानंतर आठवडाभर तलावाच्या काठाला हात, मुकुट, सोंडा तरंगत येतात. माझा मुलगा विचारतो, बाप्पाचा कान का तुटला? काय सांगू?

चितारओळवाला
मले काहून सांगता? मी मातीच वापरतो. गिऱ्हाईकच म्हणते, पीओपीची स्वस्त आन् हलकी, तीच द्या. मातीची किंमत सांगितली की पुढच्या दुकानात.

फुटाळाप्रेमी
मग विकणारे विकतात कशाला?

धरमपेठी
अहो, धागा गॅलरीचा आहे!

संत्रागल्ली
असू द्या, या बोलण्यात जान आहे. उद्घाटनाच्या भाषणात तेवढीही नव्हती. पाहुणे पाऊण तास बोलले, त्यात चित्रांवर दोन वाक्यं. तोवर समोसे गार.

रंगपेटी
समोशांपर्यंत थांबला होतात तर! बरं. पाहुण्यांचं भाषण मलाही सहन झालं नाही, एवढं कबूल. रविवारी उघडं ठेवायचं प्राचार्यांना विचारतो. वॉचमनच्या जादा पगाराची वर्गणी इथूनच काढू, शहर एवढं रसिक आहे म्हणता ना.

संत्रागल्ली
माझे शंभर लिहा. आणि 'कळत नाही' हे वाक्य मागे घ्या.

रंगपेटी
ते अर्धं मागे घेतो. तर्रीचं कायम.

चितारओळवाला
कूलरात पाणी मी टाकतो, सर. पण बडग्या खांद्यावर घेऊन फाटकावर आलो तर तुमचा वॉचमन सोडन का, ते विचारून ठेवा आधी.