आधी तिकीट, मग सत्कार: खेळाडू निधीवर सोसायटी ग्रुपची चर्चा

सचिव, बी-१०१: नमस्कार. गणेश चवथीच्या वर्गणीतले उरलेले ६४,००० आणि यापुढे फ्लॅटमागे दरमहा २०० रुपये ऐच्छिक, यातून खेळणाऱ्या मुलांना मदत करायची असं बैठकीत तत्त्वतः ठरलं. तीन अर्ज आलेत. सी विंगमधली बुद्धिबळ खेळणारी मुलगी (१३ वर्षं), ए विंगमधला बॅडमिंटनपटू (१५) आणि मागच्या वाड्यावरचा २०० मीटर धावणारा मुलगा (१६). नावं इथे कोणी लिहू नयेत. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी रविवारच्या बैठकीआधी कृपया लिहावं.

ए-२०३: तिघांना सारखेच २०-२० हजार द्या आणि वार्षिक कार्यक्रमात शाल-श्रीफळ. उगाच वाद नको.

ए-३०२ (बॅडमिंटन कोच): काका, सत्कार जरूर करू. पण सारखी वाटणी केली तर तिघांनाही ती अर्धवट पुरेल, कारण प्रत्येक खेळात पैसा वेगळ्या ठिकाणी जातो. बॅडमिंटनमध्ये तो जातो शटलमध्ये. पिसांच्या शटलच्या डब्यात १२ नग असतात. स्पर्धेच्या पातळीवरची दोन मुलं दोन तास नीट सराव करतात तेव्हा चार-पाच शटल सहज मोडतात. महिन्याला २४ दिवस धरले तर दोघांत आठ-दहा डबे, म्हणजे एकाच्या वाट्याला चार-पाच. गेल्या काही वर्षांत पिसांच्या शटलचे भाव खूप वाढलेत. पालक मग नायलॉनवर सराव करायला लावतात. नायलॉनचं शटल वेगळं उडतं, नेटजवळचा फटका त्यावर बसत नाही आणि स्पर्धेत पहिला गेम अंदाज घेण्यातच जातो.

आणि कृपा करून कोणी महागडी रॅकेट भेट देऊ नका. त्याला मध्यम किमतीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच ताणाच्या दोन रॅकेटी लागतात. तो २५ पौंडांवर गटिंग करतो, म्हणजे रॅकेटला तार बसवून घेतो. सामन्यात तार तुटली आणि दुसरी रॅकेट २२ ची निघाली तर फटके मागच्या रेषेबाहेर जातात. म्हणून अर्जात क्रम असा ठेवा: शटल, गटिंग, नॉन-मार्किंग बूट, प्रवास. रॅकेट शेवटी.

सी-२०४ (सीए): वाटपाआधी निधीचं बघू. चवथीची वर्गणी लोकांनी उत्सवासाठी दिली होती. ती दुसरीकडे वळवायची तर ठराव हवा आणि ज्यांना मान्य नाही त्यांचा वाटा परत द्यायची तयारी हवी. मेंटेनन्सच्या पैशाला हात लावायचा नाही. वेगळं बचत खातं, दोन सह्या, आणि दर तीन महिन्यांनी एक पानाचा जमाखर्च नोटीस बोर्डावर.

४८ फ्लॅट गुणिले २०० म्हणजे वर्षाला १,१५,२०० हे कागदावर ठीक आहे. ऐच्छिक वर्गणी पहिले दोन महिने सगळे देतात, मग गळती लागते. ३० फ्लॅट धरून चला: ७२,०००. अधिक ६४,०००, एकूण १,३६,०००. तेवढ्याचंच आश्वासन द्या. मुलाला वर्षभराचं सांगून सातव्या महिन्यात हात वर केले तर त्याने हंगामाची आखणी कशावर करायची?

डी-२०२: ताई, ही देणगी आयकर सवलतीसाठी ८०जी मध्ये दाखवता येईल का?

सी-२०४ (सीए): नाही वहिनी. ८०जी ची पावती नोंदणी असलेली संस्थाच देऊ शकते, हाउसिंग सोसायटी नाही. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधीही आपल्याला घेता येणार नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऑलिंपिक, पॅरालिंपिक, राष्ट्रीय मान्यतेचे आणि ग्रामीण खेळ यांचं प्रशिक्षण येतं, पण पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते. पुढे मोठी रक्कम लागली तर अशा एखाद्या नोंदणीकृत क्रीडा ट्रस्टकडे अर्ज करायला पालकांना मदत करू.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० पेक्षा जास्त रक्कम भेट आली, तर वरची नव्हे, सगळीच करपात्र होते. मूल अल्पवयीन असल्यामुळे ती पालकाच्या उत्पन्नात मिळवतात. इथे ५०,००० ची मर्यादा आपण एकटे मोजत नाही. दुसऱ्या मंडळाने २५,००० दिले असतील तर तेही त्यात येतात, म्हणून अर्जात ते विचारा. शक्यतो खात्यात रोख रक्कम न देता दुकानदाराला, स्पर्धेच्या आयोजकाला थेट पैसे द्या आणि बिल खेळाडूच्या नावावर घ्या. भेटवस्तूंवरच्या कराच्या यादीत दागिने, शेअर्स, चित्रं असं येतं, क्रीडासाहित्य येत नाही.

ए-२०३: वाड्यावरचा मुलगा सोसायटीचा नाही. पैसे आपले, मग बाहेर का?

ए-१०४ (पीटी टीचर): काका, कारण तिघांत सर्वात कमी पैशात सर्वात जास्त फरक त्याच्यात पडेल. तो संध्याकाळी पर्वरीहून पणजीला आणि तिथून दुसऱ्या बसने बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर जातो. परतायला उशीर होतो आणि घरी पोहोचेपर्यंत भूक मरून जाते. त्याची गरज बसभाडं, स्पाइक्स (तळाला पिना असलेले धावायचे बूट) आणि खाणं एवढीच आहे.

अर्जातल्या वेळेबद्दल एक खुलासा. त्याने २३.१ लिहिलंय. शाळेच्या स्पर्धेत स्टॉपवॉच हातात धरून घेतलेली ती वेळ आहे. २०० मीटरला हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून इलेक्ट्रॉनिकशी तुलना करतात, म्हणजे २३.३४. त्याने खोटं लिहिलेलं नाही, पण समितीने हे कळून घ्यावं. इलेक्ट्रॉनिक वेळ असेल तर निकालपत्रात वाऱ्याचा आकडाही बघावा. पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर ती वेळ विक्रमासाठी धरत नाहीत. म्हणून नुसतं प्रमाणपत्र किंवा पदकाचा फोटो मागू नका, छापील निकालपत्र मागा.

स्पाइक्स घेताना पिना ६ मिलिमीटरच्या घ्या. सिंथेटिक ट्रॅकवर नियमाने कमाल ९ चालतात, पण धावपटूला ६ पुरतात. जास्तीच्या पिनांचं पाकीट आणि किल्ली सोबतच मागवा. त्याच स्पाइक्सनी तो चिऱ्याच्या मातीच्या मैदानावर धावला तर पिना झिजून बोथट होतात आणि ट्रॅकवर पकड सुटते. मातीवर साधे रनिंग शूज, ट्रॅकवर स्पाइक्स, हे त्याला बजावून सांगावं लागेल.

सचिव, बी-१०१: टीचर, वयाच्या दाखल्याचं काय?

ए-१०४ (पीटी टीचर): जन्मदाखला पंचायतीचा किंवा पालिकेचा हवा, आणि त्यावरची नोंदणीची तारीख बघायची. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी नोंद झाली असेल तर संघटना शंका घेतात, हाडांचं वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढायला लावतात. राष्ट्रीय स्पर्धेच्या दारात मूल परत पाठवलं गेलं तर तिकीट, राहणं सगळं वाया. दाखला आत्ताच बघून घ्या, सप्टेंबरमध्ये नको.

बी-४०३ (बुद्धिबळ आर्बिटर, म्हणजे पंच): बुद्धिबळाचं वेगळं आहे. साहित्य जवळजवळ काही नाही, सगळा खर्च प्रवेश फी आणि प्रवास-मुक्कामाचा. गोव्यात वर्षभर पुरतील एवढ्या क्लासिकल (लांब वेळेच्या डावांच्या) रेटिंग स्पर्धा, म्हणजे ज्यांच्या निकालावर खेळाडूच्या ताकदीचा आकडा ठरतो अशा, मिळत नाहीत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे हा तिचा पट्टा. एक स्पर्धा म्हणजे साधारण चार-पाच दिवस, आठ-नऊ डाव, आणि सोबत पालक. पालकाचं तिकीट आणि मुक्काम निधीत धरलाच पाहिजे. १३ वर्षांच्या मुलीचे एकटीचेच पैसे मंजूर केले तर ती जाऊच शकत नाही.

खर्च टाळायची एक जागा सांगतो. राज्य निवड स्पर्धेत निवड झाली नाही तरी राष्ट्रीय वयोगट स्पर्धेत जादा फी भरून स्पेशल एंट्री मिळते. पालकांना मोह होतो. सध्या तिचं रेटिंग १६५० च्या आसपास आहे. त्या एका एंट्रीच्या आणि लांबच्या प्रवासाच्या पैशात जवळच्या दोन-तीन रेटिंग स्पर्धा होतात, म्हणजे वीसेक डाव. या टप्प्यावर डाव जास्त महत्त्वाचे.

डी-२०२: मग सहा महिन्यांनी रेटिंग बघून पुढची मदत ठरवायची ना?

बी-४०३ (बुद्धिबळ आर्बिटर): वहिनी, एका स्पर्धेच्या रेटिंगवर मुळीच नको. १८ वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या खेळाडूंसाठी फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा) के हा गुणक ४० असतो. तोडीस तोड खेळाडूशी जिंकली तर २० गुण वर, हरली तर २० खाली. तीन डाव गेले की ६० गुण गेले. बहुतेक मोठ्यांचा गुणक २० असतो, त्यामुळे त्यांचे आकडे एवढे हलत नाहीत. वर्षभराचा कल बघा, आणि आपल्यापेक्षा २०० गुण वरच्या खेळाडूंशी किती डाव बरोबरीत सोडवले किंवा जिंकले ते बघा. डावांच्या नोंदींची फाइल मागितली तर दहा मिनिटांत कळतं.

पुढचा टप्पा वेगळाच महाग आहे, तोही आत्ताच सांगून ठेवतो. ग्रँडमास्टर किताबाला २५०० रेटिंग आणि मिळून किमान २७ डाव भरतील असे नॉर्म (स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी) लागतात, आणि त्यात साधारणपणे परदेशी व किताबधारी प्रतिस्पर्धी ठरावीक संख्येने असावे लागतात. म्हणून मुलं युरोपात जातात. आपला गोव्याचा लिऑन मेंडोन्सा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वडिलांसोबत तिकडेच अडकला, लागोपाठ स्पर्धा खेळत राहिला आणि डिसेंबरमध्ये इटलीत शेवटचा नॉर्म मिळवून १४ व्या वर्षी भारताचा ६७ वा ग्रँडमास्टर झाला. तो खर्च सोसायटीच्या आवाक्याबाहेरचा. आपण मूल त्या दारापर्यंत जाईल एवढं बघायचं.

ए-३०२ (बॅडमिंटन कोच): हेच सगळ्या खेळांत. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६.२८ लाखांची तरतूद आहे, त्यात महिना १०,००० हातखर्च. पण तिथे पोहोचायला आधी राष्ट्रीय पातळीवर दिसावं लागतं. शाळेत चमकणं आणि देशात दिसणं यांच्यामध्ये तीन-चार वर्षं असतात, तेव्हा कोणाचाच पैसा नसतो. चांगली मुलं खेळ सोडतात ती याच वर्षांत. माझ्या मते आपला सगळा निधी तिथेच लागला पाहिजे.

डी-२०१ (फिजिओथेरपिस्ट): दुखापतीसाठी २०,००० बाजूला ठेवा. घोटा मुरगळला तर घरी लेप लावून दोन आठवड्यांत मुलं पुन्हा कोर्टवर येतात आणि तोच घोटा पुन्हा जातो. पहिल्याच वेळी फिजिओथेरपीच्या सहा-आठ सत्रांत नीट व्यायाम केला तर बहुतेकदा पुढचं टळतं.

प्रोटीन पावडरला निधीतून एक रुपयाही देऊ नका. डब्यावर न लिहिलेले बंदी असलेले घटक त्यात निघू शकतात, आणि शरीरात सापडलं की जबाबदार खेळाडूच, चुकून घेतलं म्हटलं तरी जबाबदारी टळत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात त्यावर मर्यादा आहे. फॅमिली डॉक्टरांना आधीच सांगायचं की मूल स्पर्धा खेळतं. वाड्यावरच्या मुलासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात खातं उघडा: रोज चार अंडी, अर्धा लिटर दूध, केळी. महिन्याला १२० अंडी. बिल थेट निधीतून.

सी-२०४ (सीए): मग आकडे असे मांडते. राखीव २०,०००. धावपटू ४५,०००, बॅडमिंटन ३८,०००, बुद्धिबळ ३३,०००. बेरीज १,३६,०००. सगळे ५०,००० च्या आत.

ए-२०३: टीचरांनी सांगितल्यावर वाड्यावरच्या मुलाबद्दल माझी हरकत नाही. पण पैसे दिल्यावर खेळलाच नाही तर?

बी-४०३ (बुद्धिबळ आर्बिटर): काका, म्हणूनच उचल द्यायची आणि परतल्यावर १५ दिवसांत हिशेब घ्यायचा. मागचा हिशेब आला नाही तर पुढची उचल नाही. पण पैसे आधीच द्यायचे, ही अट सोडू नका. सगळीकडे ‘आधी खर्च करा, मग बिल द्या’ असतं आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो तिथेच अडतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, प्रवेश मात्र कधी कधी तीन आठवडे आधी पक्का होतो. तोवर थांबलात तर थिवी किंवा मडगावहून वेटिंगच मिळतं. तिकीट आधी काढायचं, प्रवेश नाही मिळाला तर रद्द करायचं, कापलेले पैसे निधीने सोसायचे.

ए-१०४ (पीटी टीचर): जून ते सप्टेंबरचाही विचार करा. मातीची मैदानं चिखल होतात. त्या चार महिन्यांत धावपटूला जिमची फी लागेल आणि बसभाडं थोडं कमी लागेल. दरमहा सारखी रक्कम बांधू नका.

सचिव, बी-१०१: सगळ्यांचे आभार. रविवारी सी-२०४ च्या आकड्यांवर ठराव मांडतो. अर्जासोबत जन्मदाखला, संघटनेचा नोंदणी क्रमांक, गेल्या वर्षाची निकालपत्रं, कोचचं पत्र, इतर मदतीचा तपशील आणि पालकांचं संमतिपत्र घ्यायचं. मुलांचे फोटो आणि रकमा ग्रुपवर टाकायच्या नाहीत.

बी-४०३ (बुद्धिबळ आर्बिटर): सचिवभाऊ, कोल्हापूरच्या एका स्पर्धेची प्रवेशमुदत शनिवारी रात्री संपते. फी २,५००. ठराव रविवारी.

डी-२०२: मी आज भरते. ठराव झाला तर निधीतून द्या, नाही झाला तर माझ्याकडून राहू दे. आयोजकांचा यूपीआय तेवढा खासगीत पाठवा.

सी-२०४ (सीए): वहिनी, पावती मुलीच्या नावाने घ्या आणि व्यवहाराचा क्रमांक मला पाठवा. पहिली नोंद तीच करते.