फुकट व्हिडिओ आणि मराठी आवाज
वर कोणीतरी म्हटलंय की नेटवर सगळं फुकट आहे, आता न शिकणारा आळशीच. एवढं सोपं नाहीये हो. एनपीटीईएलची (सरकारी पैशातून चालणारे फुकट ऑनलाइन कोर्स) लेक्चर्स कोणीही बघावीत, शिकवणारे बहुतेक आयआयटीचेच प्रोफेसर, पण इंग्लिश झेपलं नाही की पोरगं दुसऱ्या व्हिडिओतच गळतं, आणि सर्टिफिकेट हवं तर फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा, म्हणजे एसटीचं भाडं आलंच. मला आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला शिकवणारे छोटे फुकट व्हिडिओ, जास्त पटतं. दहाएक मिनिटांचा व्हिडिओ, स्क्रीन इंग्लिशच ठेवलेली (उद्या नोकरीत मेनू इंग्लिशमधेच दिसणार ना) पण आवाज मराठी, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ लावायचा, अर्ध्यावर लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) उघडायचं, सांगतील ते क्लिक करायचं, अडलं की पॉज. डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाकलं की नेट नसलं तरी चालतं, आणि लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे बनवणाऱ्याचं नाव ठेवून वाटायला परवानगी असलेलं, त्यामुळे दहा जणांना कॉपी दिली तरी ती चोरी नाही. हां, काही व्हिडिओ जुन्या व्हर्जनचे आहेत, तिथे मेनू शोधताना वैताग येतो. पण शाळेच्या कॉम्प्युटर लॅबलाच कुलूप असेल तर पेनड्राइव्ह लावायचा कुठे, त्यावर कोणीच बोलत नाहीये इथे.