फक्त पोलीस ठाण्यात जाऊन भागत नाही

व्यावसायिक सरोगसी, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्या बाईच्या पोटी आपलं मूल वाढवून घेणं, याबद्दल 'गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, पोलिसांत तक्रार दिली की झालं' असं अनेकदा म्हटलं जातं, त्यातलं अर्धंच बरोबर आहे. सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ प्रमाणे गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहेच, शिवाय तो आपसात मिटवताही येत नाही. पण कोर्ट नुसत्या पोलीस अहवालावर दखल घेत नाही. कलम ४४ पाहा. लेखी तक्रार समुचित प्राधिकाऱ्याने (या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सरकारने नेमलेल्या यंत्रणेने) करायची, किंवा कुणीही नागरिक वा संस्थेने, पण त्याआधी प्राधिकाऱ्याला किमान १५ दिवसांची नोटीस देऊन. गर्भलिंगनिदान कायद्याच्या कलम २८ मध्येही हीच अट आहे, त्यामुळे त्या कामातल्या कार्यकर्त्यांना ही नोटीस नवी नाही. पंधरा दिवसांत एखाद्या क्लिनिकचे कागद किती 'नीटनेटके' होऊ शकतात, हे सांगायला नको! म्हणून नोटिशीची पोच आणि हाताशी असलेल्या कागदांच्या प्रती आधीच जपून ठेवा.

आणि 'पैसे देणाऱ्या जोडप्याला काही होत नाही' हेही खरं नाही. व्यावसायिक सरोगसी करवून घेणाऱ्यांना पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास १० वर्षं आणि १० लाखांपर्यंत. सरोगेट बाईवर मात्र नवऱ्याने, नातेवाइकांनी किंवा त्या जोडप्याने जबरदस्ती केली असंच कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर. मला ही तरतूद सगळ्यात कामाची वाटते.