किमची लिहायला गेलो आणि आर-एल-ए-सी-एल उमटलं

पेडण्याचा छापखाना

नमस्कार मंडळी. पेडण्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. जत्रेची पत्रकं, दशावतारी नाटकांची पोस्टरं, लग्नपत्रिका, चवथीच्या आधी आरत्यांची पुस्तकं, असला सगळा माल. मशीनवर उबुंटू २४.०४, काम लिबरऑफिस आणि इंकस्केपवर. मराठी इनस्क्रिप्टमध्ये टंकतो, पंधरा वर्षं झाली. झोपेतही 'ज्ञानेश्वर' लिहून दाखवेन.

पण या खेपेला गिऱ्हाईक वेगळं आलंय. मोरजीला एक जोडपं कॅफे काढतंय. नवरा इथलाच, बायको कोरियन. मेनूकार्ड हवं इंग्रजी आणि कोरियनमध्ये. बाई म्हणाल्या, मजकूर पाठवत बसण्यापेक्षा मी दुकानात येऊनच टाइप करते, तासाभरात उरकेल.

मी आदल्या रात्री तयारी करून ठेवली. सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्स, अधिकचं चिन्ह, 'कोरियन'. मराठीला तेवढंच केलं होतं, म्हटलं हेही तसंच. सकाळी बाई आल्या. माझ्या कीबोर्डवर कोरियन अक्षरं नाहीत, पण त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी टकाटक, आणि पडद्यावर आलं आर-एल-ए-सी-एल. म्हणे 'किमची' लिहिलंय. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या हसल्या, मी शरमलो, चहा मागवला.

त्यात भाच्याने इंटरनेटवर वाचून आणखी एक कारभार केला. ट्वीक्समध्ये (उबुंटूच्या जादा सेटिंग्जचा प्रोग्रॅम) जाऊन 'उजवा आल्ट म्हणजे हांगुल की' असं काहीतरी चालू केलं, हांगुल म्हणजे कोरियन लिपी. तेव्हापासून माझं रुपयाचं चिन्ह गेलं. 'इंग्रजी, भारत, रुपयासह' हा लेआउट वापरतो, उजवा आल्ट दाबून ४ मारला की ₹ यायचं. आता येत नाही. मेनूकार्डात रुपयाच नसेल तर छापू काय?

बाई परवा परत येणार आहेत. कोणी सोडवा.

म्हापशेची सानिका

काका, पहिली गोष्ट: तुमचा कीबोर्ड बिघडलेला नाही आणि बाईंनी टाइप केलं तेही अगदी बरोबर आहे. कोरियातल्या नेहमीच्या 'दुबोलसिक' मांडणीत आर म्हणजे क, एल म्हणजे इ, ए म्हणजे म, सी म्हणजे च, परत एल म्हणजे इ. झालं किमची. मी कोरियन शिकतेय, आणि पहिल्या आठवड्यात माझ्या 'आन्न्योंग'चं डी-के-एस-एस-यू-डी झालं होतं. हा प्रकार कोरियन लोकांनाही रोज होतो, कळ बदलायला विसरले की.

चूक निवडण्यात झाली. यादीत दोन नावं असतात, 'कोरियन' आणि 'कोरियन (हांगुल)'. नुसतं 'कोरियन' हा फक्त लेआउट, तो इंग्रजी अक्षरंच देतो. अक्षरं जुळवणारं यंत्र दुसऱ्यात आहे.

मराठीला नुसता लेआउट का पुरतो आणि कोरियनला का नाही, हे मला समजायला वेळ लागला म्हणून लिहिते. इनस्क्रिप्टमध्ये तुम्ही क, हलन्त, ष दाबता. फाइलमध्येही तीन खुणा तशाच, एकापुढे एक बसतात. त्यांचा 'क्ष' करून दाखवायचं काम फॉन्टचं. कोरियनमध्ये व्यंजनं आणि स्वर एका चौकोनात बसवून अख्खं अक्षर तयार होतं, आणि साधारणपणे फाइलमध्ये तो अख्खा चौकोनच एक खूण म्हणून जातो. सुरुवातीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटची व्यंजनं २७ किंवा काहीच नाही म्हणून २८. गुणाकार करा, ११,१७२ चौकोन. एवढ्या कळा कुठल्या कीबोर्डला असणार? म्हणून मध्ये कोणीतरी बसून तुमच्या कळा गोळा करून चौकोन बांधावा लागतो. तो कोणीतरी म्हणजे 'आयबस-हांगुल'.

आणि त्याला थोडं थांबावंही लागतं. आर, एल दाबलं की 'कि' होतं. ए दाबलं की त्याच चौकोनात 'किम'. पुढे सी आला, ते व्यंजन, म्हणून म जागेवर राहिला. पण पुढे स्वर आला असता तर तोच म उठून पुढच्या चौकोनात गेला असता, 'कि-मा' असा. पुढची कळ पडेपर्यंत शेवटचं अक्षर पक्कं नसतं. म्हणून त्याच्याखाली रेघ दिसते.

करायचं इतकंच: सॉफ्टवेअरमधून आयबस-हांगुल हे पॅकेज घाला (मधे आडवी रेघ), लॉगआउट करून परत या, मगच यादीत कंसातलं हांगुल दिसेल. जुनं 'कोरियन' काढून टाका, नाहीतर घाईत परत तेच निवडाल.

पेडण्याचा छापखाना

बाय, तू मास्तरीण हो. हलन्ताचं उदाहरण दिलंस आणि डोक्यात उजेड पडला.

पॅकेज घातलं. लॉगआउट करतोय तेवढ्यात लाइट गेली, त्यामुळे लॉगआउट सक्तीनेच झालं. आता यादीत 'कोरियन (हांगुल)' आलंय, निवडलंय, जुनं काढलंय. आर-एल-ए-सी-एल दाबलं. आलं काय? आर-एल-ए-सी-एल. मी काय चुकतोय?

मडगावचा जुना पेंग्विन

काही चुकत नाही भाऊ, अर्ध्या वाटेवर थांबलायत. आयबस-हांगुल चालू झाला तरी सुरुवात इंग्रजी मोडमध्ये होते, मूळ सेटिंगच तसं आहे. तो निवडून ठेवा आणि शिफ्ट-स्पेस दाबा. वरच्या पट्टीवरची खूण इंग्रजीची होती ती कोरियन अक्षराची होईल. परत दाबलं की इंग्रजी. म्हणजे तुमच्याकडे दोन दारं आहेत: सुपर-स्पेसने (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ) भाषा बदलते, आणि हांगुलच्या आत गेल्यावर शिफ्ट-स्पेसने मोड. दर वेळी नको असेल तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये सुरुवातीचा मोड हांगुल करून टाका.

आता रुपया. भाच्याचा हेतू चांगला होता. कोरियन कीबोर्डवर स्पेसच्या उजवीकडे भाषा बदलायची कळ असते, आपल्याकडे तिथे उजवा आल्ट, म्हणून बाईंचा अंगठा आपोआप तिथेच जाणार. पण ट्वीक्समधला तो पर्याय एका भाषेपुरता नसतो, सगळ्या लेआउटना लागू होतो. तुमच्या इंग्रजीत उजवा आल्ट ही तिसऱ्या पातळीची कळ, म्हणजे ती धरून दुसरी कळ मारली की तिच्यावरचं जादा चिन्ह येतं, तीच पळवली. मग ४ बिचारा ४ च राहणार. इनस्क्रिप्टमध्येही उजव्या आल्टवरची अक्षरं गेली असतील, बघा.

तो पर्याय बंद करा. नंतर हांगुल चालू असताना उजवा आल्ट दाबून बघा, नव्या आवृत्त्या तेवढ्यापुरती ती कळ स्वतःच हांगुलची करतात. चाललं तर बाईंचा अंगठाही खूश आणि तुमचा रुपयाही शाबूत. नाही चाललं तर शिफ्ट-स्पेस आहेच.

एक विनंती: या गडबडीत कोणी 'एफसीआयटीएक्स घाला' म्हणेल, तो आयबससारखाच दुसरा प्रोग्रॅम. चांगली गोष्ट आहे, पण आयबस चालू असताना शेजारी तो आणून बसवू नका. दोघांची भांडणं सोडवण्यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.

पेडण्याचा छापखाना

रुपया परत आला! उजवा आल्टही हांगुलमध्ये चालतोय. भाच्याला सांगितलं, आता ट्वीक्सला हात लावायचा नाही.

बाई आल्या, बसल्या, पाऊण तासात दोन पानं. फॉन्ट नानुम घेतला, नोटोपेक्षा मेनूवर मऊ दिसतो.

पण एक भानगड झाली. प्रूफ काढलं तर एका ओळीचा शेवटचा चौकोनच गायब. 'किमची-जिगे' (किमचीचा रस्सा) मधलं 'गे' नाही, नुसतं 'किमची-जि'. बाई म्हणतात मी लिहिलं होतं, आणि मी स्वतः बघितलं होतं, रेघेसकट.

म्हापशेची सानिका

त्या रेघेनेच घात केला, काका. 'गे' अजून कच्चं होतं आणि बाईंनी माउसने दुसऱ्या चौकटीत क्लिक केलं असणार. काही प्रोग्रॅममध्ये अशा वेळी कच्चं अक्षर हरवतं, काहींत नको तिथे जाऊन पडतं. ओळ संपली की उजवा बाण किंवा स्पेस दाबून रेघ जाऊ द्यायची, मग माउस. छापण्यापूर्वी प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर तेवढं ताडून बघा.

आणि कॅफेच्या नावात गोवा असेल तर बाईंना एकदा विचारा. कोरियनमध्ये गोवा लिहितात 'गो-आ', आणि त्याच अक्षरांचा दुसरा अर्थ होतो अनाथ मूल. त्यांना माहीत असणारच, तरी.

पेडण्याचा छापखाना

विचारलं. खो खो हसल्या. म्हणाल्या, लग्न ठरलं तेव्हा आईला वाटलं होतं जावई अनाथ आहे. म्हणून पाटीवर आधी 'इन्दो' लिहिणार, म्हणजे इंडिया, मग गो-आ.

शेवटची अक्षरं ताडली. 'गे' व्यतिरिक्त आणखी दोन गळलेली सापडली, दोन्ही उजवीकडच्या रकान्यात, जिथे बाई पुढच्या चौकटीत जायला माउस उचलायच्या. दोनशे प्रती आज संध्याकाळी मशीनवर चढतायत, लाइट राहिली तर. सानिका आणि पेंग्विनबाब, देव बरें करूं. मोरजीला गेलात तर जिगे खाऊन या, दर मीच टाइप केलेत.