कंदील ‘अडला’ की ‘रखडला’?

प्रश्न : दिवाळीला घरीच कंदील करायचं ठरतं, कामट्या येतात, सांगाडा बांधून होतो आणि तसाच माळ्यावर जातो. याला नेमकं काय म्हणावं? ‘संकल्प अपूर्ण राहिला’ फार जड वाटतं.

प्रतिसाद : जड आहेच. संकल्प पूजेतला, हातात पाणी-अक्षता घेऊन तो सोडतात. इथे ‘बेत’ म्हणा, नाहीतर ‘मनसुबा’. हा अरबी-फारसीतून आलेला. तिकडे बुद्धिबळात मांडून दिलेल्या कोड्यालाही हाच शब्द. गंमत पाहा, पूजेत ‘संकल्प सोडला’ म्हणजे केला, आणि ‘संकल्पावर पाणी सोडलं’ म्हणजे नाद सोडला. पाणी तेच!

प्रतिसाद : सांगाड्याचं म्हणाल तर ‘अडणे’ आणि ‘रखडणे’ वेगळे ठेवा. अडायला काहीतरी आडवं यावं लागतं. आठ पैलूंच्या कंदिलाला सारख्या लांबीच्या १२ कामट्या लागतात : मधल्या चौकोनाला ४, वर ४, खाली ४. एखादी सेंटिमीटरभर आखूड निघाली की सांगाडा पिळवटतो, कागद ताणून बसत नाही, सुरकुत्या पडतात. खळ कच्ची राहिली तर वाळल्यावर कागद सुटतो. मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मग मंद आचेवर पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत ढवळत राहावं. असं काम अडतं, आणि कामटी बदलली की सुटतं. रखडायला मात्र काहीच लागत नाही. साहित्य हाताशी, ८ त्रिकोणांपैकी ३ चिकटलेले, बाकीचे उद्या.

प्रतिसाद : त्या ‘उद्या’ला चालढकल म्हणावं. दिरंगाई नको, ती कचेरीतली. ‘आरंभशूर’ माणसाला लागतो, कामाला नाही. आणि माळ्यावर गेला म्हणून ‘बासनात गुंडाळला’ही चालणार नाही : बासन म्हणजे पोथी-दप्तर बांधायचं फडकं, ते जाणूनबुजून गुंडाळतात. दिवाळी उलटून गेली असेल तर ‘बेत बारगळला’, हेच बरोबर.

प्रश्न : आणि पुरा झाला तर ‘तडीस नेला’?

प्रतिसाद : तड म्हणजे काठ. लांब पल्ल्याच्या, दमवणाऱ्या कामाला ते शोभतं. दोन संध्याकाळच्या कंदिलाला ‘हातावेगळा केला’ पुरे. झिरमिळ्या मात्र पहिल्याच संध्याकाळी, सांगाड्याच्या गाठींवरचा गोंद वाळेपर्यंत कापून ठेवाव्यात; शेवटी ठेवल्या की कंटाळ्याने त्याच राहतात. त्या राहिल्या तर कंदील ‘झाला’ म्हणता येईल, ‘हातावेगळा झाला’ नाही.