पेस्टल चित्रासाठी आणलेली प्रतिबिंबरोधक काच कशी पुसावी?

प्रश्न:
आजोबांचे सॉफ्ट पेस्टलमधील (भुसभुशीत रंगखडूंनी काढलेले) व्यक्तिचित्र नव्याने फ्रेम करण्यासाठी मी प्रतिबिंबरोधक आणि अतिनील किरणे अडवणारी काच मागवली आहे. ती साध्या काचेपेक्षा बरीच महाग असल्यामुळे हात लावण्यापूर्वीच विचारतो. खिडक्यांसाठी वापरतो तो अमोनियायुक्त फवारा हिला चालेल का? आणि कोणती बाजू चित्राकडे ठेवावी?

उत्तर १:
तो फवारा कृपया वापरू नका. अमोनियामुळे अशा काचेवरील काही लेपांना इजा होऊ शकते, आणि फ्रेम लगेच बंद केल्यास त्याची वाफ आत चित्राजवळ कोंडून राहते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो. तुमच्या काचेवरील अतिशय पातळ थर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आणतात. मात्र त्या थरांवर बोटाचा तेलकट ठसा उमटला की तेवढ्या जागी त्यांचे गणित बिघडते आणि साध्या काचेवर नजरेआड राहिला असता असा डाग इथे रंगीत झाक घेऊन उठून दिसतो. म्हणून पुसण्यापेक्षा डाग पडू न देणे महत्त्वाचे आहे. पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे घाला (सुती मोज्यांतून काच निसटते), तावदान कडांनी धरून उभे न्या आणि ठेवताना खाली स्वच्छ कागद अंथरा.

पुसण्यापूर्वी मऊ ब्रशने धूळ झटका, नाहीतर तिच्यातील कण काचेवर घासले जातात. त्यानंतर अमोनियारहित द्रावण काचेवर न फवारता मायक्रोफायबरच्या कापडावर घ्या, हलक्या हाताने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने ओल टिपून घ्या. ही कापडे धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, कारण त्याचा अंश काचेवर ओघळांसारखा उमटतो.

अतिनीलरोधक लेप बहुधा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू चित्राकडे येते. कोणती ते उत्पादकाच्या लेबलवर असते, म्हणून काच बसेपर्यंत लेबल फेकू नका.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. वजन कमी म्हणून काचेऐवजी ॲक्रिलिकचा (पारदर्शक प्लास्टिकच्या तावदानाचा) पर्याय या चित्रासाठी योग्य ठरेल का?

उत्तर २:
पेस्टलसाठी साधे ॲक्रिलिक नको. पुसताना त्यावर स्थिर विद्युत साठते आणि कागदावरची सैल भुकटी त्याकडे ओढली जाते. कोळशाच्या चित्रांनाही हाच धोका आहे. स्थिर विद्युत साठू न देणाऱ्या लेपाचे ॲक्रिलिक मिळते, पण तुमच्याकडे चांगली काच आलेली असताना त्याची गरज नाही. काच मात्र चित्राला टेकू देऊ नका. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला ओल धरली तर रंग तिलाच चिकटतो. फ्रेम करणाऱ्याला सांगून माउंटखाली (चित्राभोवतीच्या, मधे खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याखाली), त्या खिडकीच्या कडेपासून थोड्या मागे, लपलेल्या पट्ट्या बसवून घ्या, म्हणजे काच दूर राहील आणि सुटलेली भुकटी माउंटच्या दर्शनी कडेवर न साचता त्याच्या मागे पडेल.